हात लावलेला राजा

रेगे वकिलांनी दोन मोहरी उचलली, आमच्या ओटीवरच्या पाटावर शेजारी शेजारी ठेवली आणि आपांना विचारलं, "मेस्त्री, यातला राजा कुठला आणि वजीर कुठला?"

"डावो राजा, उजवो वजीर," माझे वडील बसल्या जागेवरून म्हणाले. त्यांना आम्ही आपा म्हणायचो.

वकिलांनी मोहरी पाठीमागे नेली, अदलाबदल केली आणि पुन्हा ठेवली. "आता?"

"आता उजवो राजा."

"तुम्ही घडवलीत म्हणून तुम्हाला कळतं. खेळणाऱ्यानं काय करायचं?" वकिलांनी हात झटकले. "पुढच्या महिन्यात आमच्या बुद्धिबळ मंडळाची स्पर्धा आहे. चिपळूण-राजापूरचे खेळाडू येणार आहेत. त्यांना मी सांगू की राजा ओळखायला मेस्त्रींना बोलवा? डोक्यावर मुकुट नाही, काही नाही. उंचीही जवळजवळ तीच. मी कोल्हापूरहून विलायती मोहरी मागवतो. हे दहाही संच राहू देत तुमच्याकडे."

मी माजघराच्या दारात उभी होते. हाताला लाल लाख लागलेली होती, ती मी पदरात पुसत होते आणि ऐकत होते. दहा संच म्हणजे तीनशेवीस मोहरी. त्यातलं एकेक मोहरं मला पाठ होतं. कारण ती आपांनी कातलीच नव्हती. मी कातली होती.

हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सावंतवाडीत आमच्या चितारी लोकांची जी चार-सहा घरं होती, त्यांत लाकूड कातायला लेथवर पुरुष बसायचे आणि बायका रंगवायच्या. पण आदल्या वर्षी आपांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग हत्यार धरवेना. चार दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी मागच्या पडवीत जाऊन लेथवर बसले, आईला म्हटलं, "दोरी ओढ," आणि एक लाटणं कातून त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. त्यांनी ते डाव्या हातानं फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "मधी फुगला असा."

दुसरं फुगलं नाही. तेव्हापासून मी कातत होते, पण पडवीचं दार लावून. कुणी गिऱ्हाईक आलं की मी आत पळायची आणि आपा लेथपाशी जाऊन बसायचे. आई त्यांच्या धोतरावर मूठभर भुसा टाकायची. उजवा हात कोटाच्या खिशात. लोक म्हणायचे, काय मेस्त्री, या वयातही हात चालतोय! आणि आपा मान हलवायचे. मला हसूही यायचं आणि संतापही यायचा. संतापच जास्त.

एकदा मी सरळ विचारलं होतं. "आपा, लोकांका सांगूया ना. त्येच्यात लाजण्यासारख्या काय असा?"

"चेडवान कातलेला कोण घेतलो?" ते म्हणाले. मुलीनं कातलेलं कोण घेणार! मग थोड्या वेळानं म्हणाले, "वकिलाचे दहा संच होऊ देत. ते पास झाले तर लेथ तुझो. नाय झाले तर मालवणसून पुतण्याक बोलावतंय. तो कातीत, तू रंगव."

लेथ माझा होईल असं ते म्हणाले खरे, पण मी कातते हे लोकांना सांगीन असं काही म्हणाले नाहीत. मला दोन्ही हवं होतं. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि खोटं कशाला बोलू, मला माझं नाव हवं होतं. कुणाच्या धोतरावरच्या भुशामागे लपायचा मला वीट आला होता.

आणि आता वकील संच नाकारून उठत होते.

"वकीलसाहेब," आपा म्हणाले, "नुसता बघान मोहरा कळना नाय. खेळान बघा. एक डाव."

"कोणाशी? तुमच्याशी?" वकिलांनी आपांच्या कोटाच्या खिशाकडे पाहिलं असं मला वाटलं. कदाचित नसेलही पाहिलं.

"माझा चेडू खेळतला."

वकिलांनी दाराकडे वळून मला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हसले नाहीत, पण मिशी हलली. "नियम ठाऊक आहेत का तिला?"

"बुद्धिबळाचे नियम काय ते घराघरात वेगळे असतत?" आपा ताठ्यात म्हणाले.

या एका वाक्याची किंमत पुढे मला मोजावी लागली.

आमच्या घरची एक रीत होती. नवा संच तयार झाला की त्यावर एक पुरता डाव खेळल्याशिवाय तो पेटीत जात नसे. बूड डुगडुगतं का, लाख हाताला चिकटते का, घोडा उचलताना निसटतो का, हे सगळं खेळतानाच कळतं. आपांबरोबर असे डाव मी लहानपणापासून खेळत आले होते. त्यामुळे शंभराहून जास्त संचांची पहिली खेळी माझ्या हातून झालेली होती. पण आमचा खेळ देशी. त्यात राजाला एक सवलत असते. त्याला शह मिळालेला नसेल तर साऱ्या डावात एकदाच तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. बहुतेक लोक त्या उडीनंच राजाला मधून काढून कडेला, प्याद्यांच्या आड नेऊन बसवतात. विलायती खेळात प्यादं पहिल्यांदा दोन घरं टाकता येतं, इतकं आपांना ऐकून ठाऊक होतं आणि ते त्यांनी मला त्या रात्री जेवताना सांगितलं. त्यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता आम्ही वकिलांच्या माडीवर गेलो. मंडळ तिथंच भरायचं. दहा-बारा माणसं होती, सगळी पुरुषमंडळी. मधे टेबल, त्यावर पट मांडलेला. पंच म्हणून काणेकर मास्तर बसले होते. ते शाळेतून निवृत्त झालेले, गावात सगळ्यांना त्यांनीच शिकवलेलं. मलाही चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं होतं.

"मंदाकिनी, तू?" ते म्हणाले. "बस. लाल घेतेस की हिरवी?"

"लाल," मी म्हटलं. हिरव्या लाखेचा त्या संचात एक उंट मला जरा फिका वाटत होता, तो नजरेसमोर असलेला बरा.

आपा भिंतीकडच्या बाकावर बसले. हात खिशात.

पहिली खेळी वकिलांची होती. चार-पाच खेळ्या भराभर झाल्या. मग त्यांनी वजीर काढायचा म्हणून हात घातला आणि राजाच उचलला. वर धरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. बोटांत राजा तसाच राहिला.

"बघा!" ते विजयी आवाजात म्हणाले. "हेच मी सांगत होतो. मी पंधरा वर्षं खेळतोय, मला ओळखता आला नाही."

काणेकर मास्तर वकिलांकडे बघून खाकरले. "माधवराव, ओळखता आला नाही हे खरं, पण नियमानं हात लावलेलं मोहरं हलवायला लागतं."

राजा हलला असता तर वकिलांचा डाव तिथंच खिळखिळा झाला असता, हे मला दिसत होतं. पण मी तिथं डाव जिंकायला आले नव्हते, मोहरी जिंकवायला आले होते. राजा-वजिराच्या घोटाळ्यावर मी डाव मारला असता तर वकिलांचंच म्हणणं खरं ठरलं असतं.

"ठेवा परत, वकीलसाहेब," मी म्हटलं. "मोहरी नवीन आहेत, हाताला सवय नाही. मी धरत नाही."

वकिलांनी राजा ठेवला.

"नुसतं बघू नका. मोहऱ्याच्या मानेला बोट लावा. दोन कडी लागली तर राजा, एक लागलं तर वजीर," मी म्हटलं.

त्यांनी अनिच्छेनं दोन्ही मानांवरून बोट फिरवलं. वजीर उचलला आणि खेळले. पुढच्या वेळी मोहरं उचलायच्या आधी त्यांचं बोट मानेशी अर्धा क्षण थांबलं, ते मी पाहिलं. मनात म्हटलं, शिकतोय माणूस.

मग मात्र त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. राजा उचलून दोन घरं बाजूला ठेवला आणि कोपऱ्यातला हत्ती उचलून त्याच्या पलीकडे ठेवला.

"हे काय?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एका खेळीत दोन मोहरी?"

माडीवर हसण्याचा एकच लोट उठला. कोणीतरी मागून म्हणालं, "मेस्त्रीण आता वकिलांनाच नियम शिकवणार!" वकील खुर्चीत मागे रेलले आणि माझ्याकडे न पाहता मास्तरांना म्हणाले, "सांगा तिला."

"त्याला किल्लेकोट म्हणतात, मंदाकिनी," मास्तर म्हणाले. "विलायती खेळात चालतं. तुझा राजा हललेला नाही, तुलाही करता येईल."

मी आपांकडे पाहिलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. ते जमिनीकडे बघत होते आणि कोटाचा खिसा थरथरत होता. माझे कान तापले होते. अशा वेळी माणूस गप्प बसून विचार करतो, पण मी तशी नव्हते. मला वाटलं, यांचा राजा हत्तीला घेऊन पळतो तर आपल्याही राजाची आपली चाल आहे. घोड्यापुढचं प्यादं मी आधीच एक घर पुढे सरकवलं होतं, त्यामागची जागा मोकळी होती, आणि राजाशेजारचा उंटही बाहेर पडला होता. मी राजा उचलला आणि अडीच घरांची उडी मारून त्या मोकळ्या घरात ठेवला. इतकी वर्षं ठेवत आले होते, तसाच. ठसक्यात.

आधी तर कुणी हसलंसुद्धा नाही. मग वकीलच हसले. "राजाला खूर फुटले की काय?"

मग सगळेच हसले. पोटं धरून हसले.

काणेकर मास्तर तेवढे हसले नाहीत. "हसू नका," ते म्हणाले. "ही आपली जुनी चाल आहे. माझे वडील अशीच खेळायचे." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "पण या खेळात ती नाही, पोरी. राजा परत घे."

मी राजा त्याच्या घरात परत ठेवला. आणि दुसऱ्या मोहऱ्याकडे हात नेला.

"अं हं," वकील म्हणाले. "राजाला हात लावलाय. राजाच हलला पाहिजे. आणि एकदा हलला की किल्लेकोटही गेला."

"माधवराव," मास्तर म्हणाले, "मघाशी तिनं तुम्हाला सोडलं होतं."

"तिची मर्जी. मी मागितलं नव्हतं."

ही गोष्ट दोन-चार जणांनाही आवडली नसावी. बाकावरून आपा अर्धे उठले. त्यांचा आवाज चढला की थांबवणं अवघड, हे मला ठाऊक होतं. ते म्हणणार होते की असा कसा, न्याय तो दोघांना सारखाच हवा. आणि ते बरोबरच होते. मलाही तेच म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण मी पटाकडे पाहिलं. राजा मीच उचलला होता. माझ्या हातानं, माझ्या घमेंडीत. मी वकिलांना सोडलं होतं ते मला कुणीतरी सोडावं म्हणून नव्हे.

"हलवते," मी म्हटलं.

आणि राजाला एक घर बाजूला सरकवलं. एकच घर.

आपा खाली बसले.

वकिलांनी त्यांची खेळी केली. मी राजाला पुन्हा उचललं आणि आणखी एक घर, तिरकं, पुढे. आता तो त्याच मोकळ्या घरात उभा होता, जिथं त्याला मी उडी मारून न्यायला निघाले होते. उडी मारून जायचं होतं तिथं तो दोन पावलं चालत गेला, एवढाच फरक.

काणेकर मास्तरांनी आधी पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नाकावरचा चष्मा वर सरकवला.

त्यानंतर तासभर माडीवर फारसं कुणी हसलं नाही. वकील चांगले खेळणारे होते, त्यात शंका नाही. चालत चालत जाण्यात माझी एक खेळी वाया गेली होती, तिचा त्यांनी पुरेपूर फायदा घेतला. माझा एक घोडा गेला. बदल्यात मला दोन प्यादी मिळाली. माझी प्यादी मोठी हट्टी असतात, कारण आपांनी मला तसं शिकवलं होतं. देशी खेळात प्यादं एकेक घर चालतं, त्यामुळे आमच्या खेळात घाई नसते. प्यादी एकमेकांचा खांदा धरून चालतात. वकिलांना ही हळू चाल ठाऊक नव्हती. ते हत्ती-वजिरांच्या लांब पल्ल्याकडे बघत राहिले आणि माझी दोन प्यादी त्यांच्या राजाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

त्यांचा राजा एव्हाना कोपऱ्यात सरकला होता. त्याच्या एका बाजूला त्यांचाच उंट आणि पुढ्यात त्यांचाच घोडा, रखवालीला आणून ठेवलेले. पलीकडे त्यांचा एक हत्ती उघडा पडला होता. मला तो फुकट मारता येत होता.

"हत्ती घे," मागून कुणीतरी कुजबुजलं. "हत्ती घे, मूर्ख पोरी."

"बाहेरचं बोलायचं नाही," मास्तर दरडावले.

हत्ती घेतला असता तरी मी जिंकलेच असते, सावकाश, तासाभरानं. पण आमच्या घरात जिंकण्याजिंकण्यात फरक करायचे. वजिरानं केलेली मात ही मात. हत्तीनं केली तर ठीक. पण प्याद्यानं मात केली की आपा पट आवरायचे नाहीत. तो तसाच मांडलेला ठेवायचे आणि आईला बोलावून दाखवायचे. मला ती आयुष्यात दोनदा जमली होती.

मी त्या राजाच्या शेजारच्या रांगेतलं प्यादं एक घर पुढे ढकललं. शेजारच्या प्याद्याचा त्याला आधार होता.

"शह," मी म्हटलं.

वकिलांनी पटावर बघितलं. राजा बाजूला नेऊ म्हणतात तर तिथं त्यांचा उंट. पुढे नेऊ म्हणतात तर तिथं त्यांचा घोडा. तिरका नेऊन प्यादं मारू म्हणतात तर शेजारचं प्यादं दात विचकून उभं. त्यांच्या घोड्यालाही ते प्यादं मारता येत नव्हतं, उंटालाही नाही, आणि हत्ती-वजीर आवाक्याबाहेर होते. बराच वेळ ते बघत राहिले. मग पटावरची नजर काढून माझ्याकडे बघत त्यांनी हात पुढे केला. बोट आधी उंटाला लागलं, तिथून पुढे सरकलं, मानेवरच्या दोन कड्यांवर थांबलं. त्यांनी राजा उचलला आणि आडवा ठेवला. एकदाही खाली न बघता.

"प्यादेमात," काणेकर मास्तर उभे राहून म्हणाले. "वडील गेल्यानंतर आज पाहिली."

मग दोन-तीन माणसं उठून पटाभोवती आली. हसणारेही आले. वकील उठले, आपांकडे गेले आणि माणूस हरल्यावर जितक्या चांगल्या मनानं बोलू शकतो तितक्या चांगल्या मनानं म्हणाले, "मेस्त्री, दहाही संच माझे. बोटाला कळतात, हे खरं. मानलं तुम्हाला. असं कातकाम आता कोल्हापुरातसुद्धा मिळत नाही. तुमचा हात असाच राहो."

मी पट आवरायला वाकले होते, तशीच थांबले. हाच तो क्षण. लेथ माझा झाला होता, शब्दाप्रमाणे. आता आपा मान हलवतील, आम्ही घरी जाऊ, आणि उद्यापासून मी पुन्हा दार लावून कातायला बसेन. मी मान वर केली नाही. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता.

"वकीलसाहेब," आपा म्हणाले, "हो माझो हात बघा."

मी वर पाहिलं. त्यांनी कोटाच्या खिशातून उजवा हात बाहेर काढला होता आणि सगळ्यांसमोर लांब धरला होता. तो थरथरत होता, वाऱ्यात पान थरथरतं तसा. त्यांनी तो लपवला नाही. डाव्या हातानं धरला नाही. सगळ्यांना पुरतं बघू दिलं.

"ह्या हातान एक वर्ष सुपारीसुद्धा कातरूक जमला नाय. तुमची मोहरी माझ्या मंदान कातल्यान. दहाच्या दहा संच. रंगयल्यानसुद्धा तिणाच. मी नुसतो लेथकडे बसान भुसो अंगार घेय होतंय."

वकिलांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांना घट्टे होते, नखांत लाख होती. दुपारभर ते हात त्यांच्या समोरच होते.

"बाईमाणूस लेथवर?" ते अखेरीस म्हणाले. रागानं नव्हे, गोंधळून.

"तुमच्या बोटाक कळला काय बाईन कातल्यान की बाप्यान?" आपांनी विचारलं.

काणेकर मास्तर खदखदून हसले. मग इतरही हसले, आणि या वेळी त्या हसण्यानं माझे कान तापले नाहीत. वकीलसुद्धा हसले. हरलेला माणूस दुसऱ्यांदा हरला की हलका होतो म्हणतात, तसं काहीसं झालं असावं.

"बरं, मंदाकिनीबाई," ते मला म्हणाले. बाई म्हणाले! "एक सांगू? पुढच्या वेळी राजा थोडा उंच करा. परगावच्या लोकांची सोय होईल."

"नाही करणार," मी म्हटलं. "तुम्हाला एका डावात कळला. त्यांना दोन लागतील."

आपांनी डोळे वटारले, पण ओठ हसत होते.

आम्ही तळ्याच्या कडेनं घरी निघालो. पेटी माझ्या डोक्यावर होती, कारण तो संच मी अजून दिला नव्हता. त्या फिक्या उंटाला मला पुन्हा लाख द्यायची होती. आपा पुढे चालत होते. हात खिशाबाहेर होता. वाटेत दोन ओळखीचे भेटले, त्यांनी हाताकडे बघितलं, आपांनी बघू दिलं.

मला मात्र एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"आपा, मी हरलंय असतंय तर?"

"तर काय?"

"तर सांगलास असतास?"

ते चालायचे थांबले. तळ्याच्या कठड्यावर टेकले. दम लागला म्हणून असेल किंवा सांगायला सोपं जावं म्हणून असेल.

"तू जिंकलंस म्हणान सांगूक नाय मी," ते म्हणाले. "तुका वाटता, प्यादेमात झाली म्हणान सांगलंय. तसा नाय. तुझो राजा चुकलो तेव्हा मी उठलंय. त्या वकिलाक चार शब्द सुनावतलंय होतंय. आणि तू म्हणालंस, 'हलवते.'"

"मगे?"

"मगे मी खाली बसलंय. आणि बसल्या बसल्या मनात म्हटलंय, आत्माराम, एक वर्षभर तू हात खिशात घालून बसलंस. आणि ह्या तुझ्या चेडवान हात लावलेलो राजा सगळ्यांसमोर हलवल्यान. एक शब्द न बोलता. त्याच वखताक ठरयलंय. पुढचो डाव मी बघूकच नाय. तू हरलंस असतंस तरी हात बाहेर काढतलंयच होतंय."

मी पेटी डोक्यावरून खाली उतरवली आणि कठड्यावर ठेवली, कारण मला दिसेनासं झालं होतं. आपांनी बघून न बघितल्यासारखं केलं. चितारी माणसाला रडणाऱ्या बाईपुढे काय करावं ते कळत नाही.

पुढे मी बरीच वर्षं कातलं. माझ्या हातची मोहरी कोल्हापूर, बेळगाव, मुंबईपर्यंत गेली, आणि त्यांच्या पेट्यांवर 'मंदाकिनी आत्माराम चितारी' असं नाव असायचं. त्याचा मला अभिमान आहे, कशाला नाही म्हणू? स्पर्धाही जिंकले दोन-तीन. त्या दुपारी माडीवर मी जी मात केली ती अजून काही म्हाताऱ्यांना आठवते, भेटले की सांगतात. मी ऐकून घेते. ते मात सांगतात, आणि मला मात्र त्या डावातली दुसरीच खेळी आठवते. साऱ्या पटावर तिच्याएवढी लहान खेळी दुसरी नसेल. राजा एक घर बाजूला.